थ्री माइल आयलंड : अपघातानंतरच्या उत्तरपत्रिका

१.
एप्रिल १९८१. अमेरिकेच्या पेनसिल्वेनिया राज्यातील एका अणुऊर्जा केंद्राचे कर्मचारी सरकारी परवाना परीक्षेला बसले होते. देशातील सर्वांत गाजलेला अणुअपघात होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, आणि तो याच केंद्रात झाला होता. काही महिन्यांनी तपासणीसाच्या लक्षात आले की दोन उत्तरपत्रिकांतील मजकूर विलक्षण जुळतो. हे दोघे उमेदवार नवखे नव्हते. ते शिफ्ट सुपरवायझर, म्हणजे पाळीवरील सर्वांत ज्येष्ठ अधिकारी होते.

२.
थ्री माइल आयलंड हे सस्क्वेहाना नदीतील बेट. राज्याची राजधानी हॅरिसबर्ग येथून सुमारे १६ किलोमीटरवर. तेथे दोन अणुभट्ट्या होत्या. २८ मार्च १९७९ च्या पहाटे ४ वाजता दुसऱ्या भट्टीचे पाणीपुरवठा करणारे पंप बंद पडले. दाब वाढला, तो कमी करणारी झडप ठरल्याप्रमाणे उघडली. पण दाब उतरल्यावर ती मिटली नाही. तिच्यातून शीतक पाणी बाहेर जात राहिले.

३.
नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप मिटल्यासारखेच दाखवत होता. वस्तुतः तो झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला दिलेला विद्युत आदेश तेवढा दाखवत होता. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकाच वेळी सुरू झाले. यंत्रणेत पाणी जास्त झाले आहे असे समजून चालकांनी आपत्कालीन पाण्याचा प्रवाह कमी केला. प्रत्यक्षात भट्टी कोरडी पडत चालली होती. गळती थांबेपर्यंत दोन तासांहून अधिक काळ लोटला. भट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला.

४.
दोन दिवसांनी राज्यपालांनी पाच मैलांच्या परिसरातील गरोदर स्त्रिया व लहान मुलांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला. सल्ला मोजक्यांना होता, पण निघून गेले सुमारे १,४०,००० लोक. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही. त्यामुळे घर सोडायचे की थांबायचे हे ठरवताना सामान्य माणसाला एकच आधार होता : आत बसलेल्या माणसांना आपले काम कळते, हा विश्वास.

५.
या विश्वासाचे कागदी रूप म्हणजे परवाना. अमेरिकेत अणुभट्टीचे नियंत्रण हाती घेणाऱ्या प्रत्येकाला अणुनियामक आयोगाचा वैयक्तिक परवाना लागतो. वाहनाप्रमाणेच येथेही यंत्राची मान्यता वेगळी आणि चालकाची वेगळी. त्यासाठी लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा आणि प्रत्यक्ष केंद्रात फिरून द्यावयाची चाचणी असे. परवाना मिळाल्यावरही ठरावीक काळाने पुन्हा प्रशिक्षण घेऊन तो नव्याने करून घ्यावा लागे.

६.
अपघाताच्या चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. ऑक्टोबर १९७९ च्या त्याच्या अहवालात एक अस्वस्थ करणारी नोंद आहे. थ्री माइल आयलंडच्या परवाना उमेदवारांचे गुण राष्ट्रीय सरासरीहून अधिक होते. त्यांचे प्रशिक्षणही नियामकाच्या निकषांत बसत होते. तरीही अपघाताच्या वेळी ते अपुरे ठरले.

७.
म्हणजे दोष नापासांचा नव्हता, तर चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्यांना काय शिकवले आणि काय विचारले गेले याचा होता. केमेनी आयोगाने आणखी एक विसंगती दाखवली. आणीबाणीच्या कार्यपद्धतीवरील विभागात नापास झालेला उमेदवारही एकूण सरासरीच्या बळावर परवाना मिळवू शकत असे. ज्या प्रसंगासाठी चालकाची खरी गरज, नेमका तोच प्रसंग परीक्षेत ऐच्छिक झाला होता.

८.
नियामक आयोगाने १९८० मध्ये नियम कडक केले. पूर्वी एकूण ७० टक्के गुण पुरत. आता एकूण ८० टक्के आणि प्रत्येक विभागात किमान ७० टक्के आवश्यक झाले. सिम्युलेटरवरील प्रशिक्षण व चाचणीचे महत्त्व वाढले. कागदावर सुधारणा ठोस होती. मात्र लेखी परीक्षेचा उंबरठा उंचावला की तो ओलांडण्याचा दबावही वाढतो. ती परीक्षा कशी घेतली जाते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

९.
दबाव केवळ परीक्षार्थींवर नव्हता. बेटावरची पहिली भट्टी अपघाताच्या दिवशी इंधन बदलण्यासाठी बंद होती. तिला काहीच इजा झाली नव्हती. पण नियामकाने तिच्या पुनःप्रारंभाला मनाई करून जाहीर सुनावणी बसवली. धडधाकट भट्टी बंद ठेवण्याचा खर्च कंपनीच्या डोक्यावर होता. ती सुरू करायची तर नव्या निकषांनी उत्तीर्ण झालेले चालक हवे होते. एप्रिल १९८१ ची परीक्षा ही त्या वाटेवरची एक पायरी होती.

१०.
काळाचा योगायोग पाहण्यासारखा आहे. आयव्हन स्मिथ यांच्या अध्यक्षतेखालील परवाना मंडळाने व्यवस्थापनाच्या पात्रतेविषयीचे पुरावे जुलै १९८१ च्या आरंभी पूर्ण केले. त्याच महिन्याच्या अखेरीस जुळणाऱ्या उत्तरपत्रिकांची बातमी मंडळापुढे आली. ऑगस्टमध्ये मंडळाने बराचसा अनुकूल निर्णय दिला, पण कॉपीचा प्रश्न राखून ठेवला. मग प्रकरण पुन्हा उघडण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये चालकांची परीक्षा नव्याने घेण्यात आली.

११.
चौकशीचे काम विस्कॉन्सिन विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक गॅरी मिलहॉलिन यांच्याकडे विशेष अधिकारी म्हणून सोपवण्यात आले. सुनावणी १९८१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाली. कर्मचाऱ्यांची नावे गुप्त ठेवून त्यांना इंग्रजी अक्षरे देण्यात आली. ते दोन सुपरवायझर 'ओ' आणि 'डब्ल्यू' या अक्षरांनी दप्तरात उरले. एप्रिल १९८२ च्या अहवालात दोघांनी परीक्षेत कॉपी केल्याचा निष्कर्ष नोंदवला गेला. दोघांचीही नोकरी तोपर्यंत संपली होती.

१२.
दोन माणसे सापडली, दोन माणसे गेली. एवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण तपास मागे सरकला तसे दिसले की आयोगाच्या परीक्षेपलीकडे कंपनीच्या अंतर्गत चाचण्यांतही उत्तरांची देवाणघेवाण झाली होती. आयोगाने घेतलेल्या परीक्षेतील पर्यवेक्षणही ढिसाळ होते. ज्या संस्थेने पहारा द्यायचा तिनेच दार लोटून घेतले होते, कडी लावली नव्हती.

१३.
सर्वांत गंभीर धागा १९७९ च्या उन्हाळ्यापर्यंत पोहोचला. अपघातग्रस्त भट्टीच्या संचालन विभागातील एका वरिष्ठाने, म्हणजे दप्तरातील 'व्हीव्ही' याने, परवाना नूतनीकरणासाठी दुसऱ्याने लिहिलेली उत्तरे स्वतःची म्हणून दिली होती. लिहिणारा होता तोच 'ओ'. गाभा वितळून तेव्हा काही महिनेच झाले होते. कंपनीतील वरिष्ठांना हे कळले होते. तरीही 'व्हीव्ही'ने आवश्यक प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र नियामकाकडे रवाना झाले.

१४.
येथे कॉपीचा अर्थ बदलतो. परीक्षागृहात शेजाऱ्याच्या कागदावर नजर टाकणे हा एका व्यक्तीचा अपराध. पण हा प्रकार ठाऊक असूनही संस्थेने शिक्का मारला, तर तो संस्थेचा शब्द खोटा ठरतो. नियामक आयोगाचे मोजके निरीक्षक रात्रंदिवस प्रत्येक पाळीवर उभे राहू शकत नाहीत. त्यांचा कारभार कंपन्यांनी पाठवलेल्या कागदांवरच चालतो.

१५.
मिलहॉलिन यांचा निष्कर्ष प्रशिक्षणावरही कठोर होता. त्यांच्या मते कार्यक्रमाचा आशय कमकुवत होता, शिकवण्याची पद्धत निष्प्रभ होती आणि प्रशासन सदोष होते. उत्तरांतील साम्याचे समर्थन करताना घोकंपट्टीचा आधार घेतला गेला : सर्वांनी तीच टिपणे पाठ केली, म्हणून वाक्ये जुळली. हे समर्थन काही उत्तरांपुरते खरे मानले, तरी तो बचाव न राहता आरोप होतो. नकललेले उत्तर आणि न समजता पाठ केलेले उत्तर यांत तपासणीसाला फरक करता येत नसेल, तर त्या परीक्षेने समज कशी मोजायची?

१६.
१९७९ च्या पहाटेशी याचा सरळ संबंध आहे. त्या चालकांनी नियम मोडला नव्हता. पाणी जास्त होऊ देऊ नये हे शिकवलेले सूत्र ते पाळत होते. तसाच झडप अडकण्याचा प्रसंग सप्टेंबर १९७७ मध्ये ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात घडून गेला होता. तो धडा थ्री माइल आयलंडच्या चालकांपर्यंत पोहोचला नाही. पाठ केलेले सूत्र आणि समोरची परिस्थिती यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांच्याजवळ सूत्राखेरीज काही नव्हते.

१७.
जुलै १९८२ मध्ये परवाना मंडळाने निर्णय दिला. परीक्षांची शुचिता राखण्यात कंपनीने निष्काळजीपणा केल्याचा ठपका ठेवून आर्थिक दंड सुनावला, प्रशिक्षणाच्या बाहेरून तपासणीच्या अटी घातल्या. पण भट्टी सुरू करण्याची वाट बंद केली नाही. कॉपीची मुळे वरिष्ठ व्यवस्थापनापर्यंत पोहोचत नाहीत, असे मंडळाचे मत पडले. विशेष अधिकाऱ्याचा अहवाल आणि मंडळाचा निर्णय यांतील हे अंतर पुढे वादाचा विषय ठरले.

१८.
स्थानिक जनतेचे मत वेगळे होते. मे १९८२ मध्ये परिसरातील तीन काउंटींत झालेल्या, बंधनकारक नसलेल्या मतदानात सुमारे दोनास एक अशा प्रमाणात लोकांनी पुनःप्रारंभाला विरोध केला. १९८४ हे वर्ष कंपनीला आणखी जड गेले. अपघातापूर्वी दुसऱ्या भट्टीतील शीतकाच्या गळतीच्या नोंदींत फेरफार झाल्याच्या खटल्यात मेट्रोपॉलिटन एडिसन कंपनीने एक आरोप कबूल केला आणि सहा आरोपांना आव्हान दिले नाही. ४५,००० डॉलरचा दंड झाला. शिवाय आपत्कालीन नियोजनासाठी दहा लाख डॉलर द्यावे लागले. उत्तरपत्रिका असो वा गळतीची नोंदवही, रोग एकच होता : आकडा जुळला की काम झाले.

१९.
त्याच वर्षी अपील मंडळाने प्रशिक्षणाचा प्रश्न पुन्हा सुनावणीला काढला. मे १९८५ मध्ये सुधारित प्रशिक्षण पुरेसे ठरवण्यात आले आणि २९ मे रोजी नियामक आयोगाने चार विरुद्ध एक मताने परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर ऑक्टोबर १९८५ मध्ये पहिली भट्टी सुरू झाली. साडेसहा वर्षे बंद राहिलेली ही भट्टी त्यानंतर सप्टेंबर २०१९ पर्यंत चालली. बदललेले प्रशिक्षण निष्फळ नव्हते, हेही नोंदवणे न्यायाचे आहे.

२०.
पण परीक्षेचा जुना पेच संपला नाही. जानेवारी २०१४ मध्ये मोंटाना राज्यातील माल्मस्ट्रॉम हवाई तळावर अण्वस्त्र क्षेपणास्त्रांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांनी मासिक चाचण्यांची उत्तरे एकमेकांना पाठवल्याचे उघड झाले. उत्तीर्ण होण्यास ९० टक्के पुरत होते. परंतु बढतीसाठी १०० टक्केच हवेत असे वातावरण होते. नापास होणारे नव्हे, उत्तीर्ण होऊ शकणारेही कॉपी करत होते. नऊ वरिष्ठांना पदावरून दूर करण्यात आले. त्याच वर्षी चार्ल्सटन येथील नौदलाच्या अणुभट्टी प्रशिक्षणातील कॉपीमुळे ३४ नौसैनिक बाहेर काढले गेले.

२१.
१९७९ च्या चालकांनी उत्तम गुण मिळवले होते आणि भट्टी वितळली. १९८१ च्या सुपरवायझरांनी गुणांसाठी कॉपी केली, तेव्हा कोणताही अपघात झाला नाही. म्हणून दुसरा प्रसंग पुस्तकांत तळटीपेपुरता उरतो. वास्तविक दोन्ही प्रसंगांतून एकच गोष्ट दिसते. परवान्याचा कागद माणसाच्या जाणतेपणाची खूण म्हणून जन्माला येतो. कालांतराने खूण मिळवणे हेच काम होऊन बसते आणि जाणतेपण मागे राहते. नदीकाठच्या ज्या लोकांनी त्या आठवड्यात मुलांना घेऊन घरे सोडली, त्यांना मात्र कागद नको होता. पहाटे ४ वाजता दिवा खोटे सांगत असताना ते ओळखू शकेल असा माणूस त्यांना आत हवा होता.