गोल्डन रिट्रीव्हर

गोल्डन रिट्रीव्हर ही स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झालेली श्वानजात आहे. सोनेरी केस, सौम्य वृत्ती आणि शिकण्याची तत्परता यांमुळे ती जगभर लोकप्रिय आहे. शिकाऱ्याने टिपलेले पक्षी शोधून आणणे हे तिचे मूळ काम होते आणि तिच्या स्वभावाची बहुतेक वैशिष्ट्ये या कामातूनच घडली आहेत. ‘रिट्रीव्हर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थही ‘परत आणणारा’ असाच आहे.

उगम

या जातीचा उगम एका रशियन सर्कशीतील कुत्र्यांपासून झाला, अशी आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. ब्रायटन येथे सर्कशीचे खेळ पाहून डडली मार्जोरीबँक्स (पुढे पहिले लॉर्ड ट्वीडमाउथ) यांनी तो सारा कळपच विकत घेतला, असे सांगितले जाई. मात्र मार्जोरीबँक्स यांनी स्वतः ठेवलेली श्वानपैदाशीची नोंदवही १९५२ साली प्रकाशात आली आणि तिच्यात या कथेला कोणताही आधार मिळाला नाही.

नोंदवहीनुसार १८६० च्या दशकात मार्जोरीबँक्स यांनी ‘नूस’ नावाचा पिवळसर, कुरळ्या लाटेदार केसांचा रिट्रीव्हर मिळवला. स्कॉटिश हायलँड्समधील गिसाकन या त्यांच्या जहागिरीत १८६८ साली त्याचा संकर ‘बेल’ या ट्वीड वॉटर स्पॅनियल कुत्रीशी करण्यात आला. या वेतातील पिवळी पिल्ले ही आजच्या जातीची पूर्वज मानली जातात. ट्वीड वॉटर स्पॅनियल ही जात मात्र आज अस्तित्वात नाही. पुढील पिढ्यांत सेटर व काळे रिट्रीव्हर यांचेही संकर झाले.

त्या काळात बंदुकांचा पल्ला वाढल्याने टिपलेले पक्षी दूरवर, अनेकदा पाण्यात किंवा दलदलीत पडत. ते आणण्यासाठी पोहण्यात तरबेज आणि उत्तम घ्राणशक्तीचा कुत्रा आवश्यक होता.

इंग्लंडमध्ये १९०८ साली हे कुत्रे प्रदर्शनात मांडण्यात आले. अमेरिकन केनेल क्लबने १९२५ साली या जातीला मान्यता दिली.

स्वरूप

नराची उंची खांद्यापाशी ५६ ते ६१ सेंमी, तर मादीची ५१ ते ५६ सेंमी असते. अंगावर केसांचे दोन थर असतात. बाहेरचा थर पाणी अडवतो, तर आतला दाट थर ऊब देतो. रंग फिकट मलईसारख्या छटेपासून गडद सोनेरीपर्यंत आढळतो. थंड प्रदेशासाठी घडलेल्या या आवरणामुळे भारतासारख्या उष्ण देशात त्याला सावली, भरपूर पाणी आणि सकाळ-संध्याकाळच्या गारव्यातील व्यायाम आवश्यक ठरतो.

स्वभाव

शिकार न चिरडता अलगद धरण्याच्या गुणाला ‘मऊ तोंड’ म्हणतात. माणसाच्या इशाऱ्याकडे लक्ष देणे आणि हाती लागलेली वस्तू विनातक्रार सोपवणे हे गुणही पिढ्यान्‌पिढ्या निवडीने जोपासले गेले. त्यामुळेच अंधांचे मार्गदर्शक, शोध व बचावकार्य आणि रुग्णांना सोबत अशा कामांसाठी या जातीची निवड होते.

अनोळखी व्यक्तींशीही तो चटकन मैत्री करतो. म्हणून राखणदार म्हणून तो फारसा उपयोगी नाही. सौम्यतेचा अर्थ आळस असा मात्र होत नाही. हा कामाचा कुत्रा आहे. रोजचा भरपूर व्यायाम आणि माणसांचा सहवास न मिळाल्यास तो बेचैन होतो, वस्तू कुरतडतो किंवा सतत भुंकतो. दिवसभर बंद राहणाऱ्या घरात तो सुखी राहत नाही. सौम्य स्वभावही आपोआप टिकत नाही; पिल्लूपणापासून प्रशिक्षण व माणसांत वावर आवश्यक असतो.

आरोग्य

सरासरी आयुष्य १० ते १२ वर्षे असते. खुब्याच्या व कोपराच्या सांध्यांचे विकार, त्वचारोग आणि स्थूलता या सामान्य तक्रारी होत. कर्करोगाचे प्रमाण या जातीत विशेष अधिक आहे. त्याची कारणे शोधण्यासाठी अमेरिकेतील मॉरिस ॲनिमल फाउंडेशनने २०१२ साली तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हरांचा आयुष्यभराचा अभ्यास सुरू केला. अनेक विकार आनुवंशिक असल्याने पिल्लू घेताना त्याच्या आई-वडिलांची आरोग्यतपासणी झाली आहे का, हे पाहणे महत्त्वाचे असते.