कॉलेज पार्क : ऐतिहासिक विमानतळाच्या परिसरातील जिओकॅशिंग

उपग्रहांकडून मिळणाऱ्या स्थाननिश्चितीच्या आधारे, इतरांनी लपवून ठेवलेली डबी शोधून काढण्याच्या खेळास जिओकॅशिंग असे म्हणतात. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील कॉलेज पार्क विमानतळाचा परिसर या खेळाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९०९ पासून अखंड वापरात असलेला हा विमानतळ जगातील सर्वांत जुना कार्यरत विमानतळ मानला जातो. डबी वाटसरूच्या नजरेस पडू नये, मात्र जागेच्या मालकाला तिची पूर्ण माहिती असावी, हे या खेळाचे मूलतत्त्व येथे विशेष महत्त्वाचे ठरते.

खेळाचा आरंभ

अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेतून नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत पूर्वी हेतुपुरस्सर चूक ठेवली जात असे. ती शंभर मीटरपर्यंत असू शके. मे २००० च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने हे बंधन उठविण्यात आले आणि सामान्य उपकरणेही वीस मीटरच्या आत स्थान दाखवू लागली. त्यानंतर लगेचच, ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीतील एखादी वस्तू घ्यावी, त्या बदल्यात दुसरी ठेवावी आणि वहीत नोंद करावी, एवढीच अट होती. काही दिवसांतच ती बादली सापडली. आज जगभरात अशी तीस लाखांहून अधिक ठिकाणे नोंदलेली आहेत.

या खेळात अक्षांश-रेखांश अंश, मिनिटे आणि मिनिटाचा हजारावा भाग अशा रीतीने दिले जातात. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर अंतर. उपकरण मात्र शोधकाला काही मीटरच्या परिघापर्यंतच नेऊन सोडते. पुढचा शोध नजरेने आणि तर्काने घ्यावा लागतो.

दिशादर्शनाची प्रयोगभूमी

वॉशिंग्टनच्या ईशान्येस असलेल्या या मैदानावर १९०९ मध्ये विल्बर राईट यांनी फ्रँक लाम आणि फ्रेडरिक हम्फ्रीज या लष्करी अधिकाऱ्यांना विमानोड्डाणाचे शिक्षण दिले. १९११ मध्ये येथे अमेरिकी लष्कराची उड्डाणशाळा सुरू झाली. १२ ऑगस्ट १९१८ पासून टपाल खात्याची विमाने येथून फिलाडेल्फियामार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. ग्रामोफोनचे जनक एमिल बर्लिनर आणि त्यांचे पुत्र हेन्री यांच्या हेलिकॉप्टरच्या चाचण्याही येथेच झाल्या.

जिओकॅशिंगशी अधिक जवळचे नाते सांगणारा प्रयोग १९२७ ते १९३३ या काळातील आहे. धुक्यात जमीन दिसत नसतानाही वैमानिकाला धावपट्टी सापडावी, यासाठी अमेरिकेच्या मानक संस्थेने येथे रेडिओ लहरींवर आधारित यंत्रणा विकसित केली. डोळ्यांना न दिसणारे ठिकाण दूरवरून आलेल्या संकेतांच्या साहाय्याने गाठणे हाच तिचा हेतू होता. खिशातील उपकरण आज उपग्रहांच्या मदतीने तेच कार्य करते.

नियम आणि दक्षता

विमानतळानजीक आर्टेमिसिया सरोवर असून ओढ्यांच्या काठाने पायवाटा आणि सायकलमार्ग जातात. मेट्रो स्थानकही जवळच आहे. तथापि, रम्य परिसर लाभला म्हणून कोठेही डबी ठेवता येत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर राजधानीभोवतीच्या हवाई क्षेत्रावर कडक निर्बंध आले. तेव्हापासून कॉलेज पार्क येथे विमान उतरविण्यासाठी वैमानिकाला पूर्वतपासणीतून जावे लागते. अशा ठिकाणी कुंपणालगत सापडलेल्या बेवारस डबीकडे कोणी खेळ म्हणून पाहणार नाही.

ही भीती निराधार नाही. २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी या गावी एका कॅफेबाहेर ठेवलेली खेळातील डबी स्फोटक असल्याचा संशय आला. परिसर रिकामा करण्यात आला आणि बॉम्बनाशक पथकाने ती डबी उडवून दिली.

म्हणूनच जागेच्या मालकाची परवानगी ही पहिली अट असते. नवी डबी जाहीर होण्यापूर्वी स्वयंसेवक परीक्षक तिची माहिती तपासतात. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावे लागते. डबी जमिनीत पुरण्यास, तसेच तीत अन्नपदार्थ, शस्त्रे किंवा स्फोटके ठेवण्यास मनाई आहे. डबीवर खेळाचा स्पष्ट उल्लेख असणे हिताचे ठरते.

जेथे वस्तू ठेवणे उचित नाही, तेथेही खेळ थांबत नाही. एखाद्या माहितीफलकावरील वर्षाचे आकडे हेरून त्यांवरून पुढील ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढता येतात आणि प्रत्यक्ष डबी सुरक्षित अंतरावर ठेवता येते. काही ठिकाणी डबी नसतेच. शोधकाने तेथे पोहोचून एखाद्या प्रश्नाचे उत्तर कळवायचे असते. १९९८ मध्ये विमानतळालगत उघडलेले विमानविद्या संग्रहालय अशा शोधयात्रेची स्वाभाविक सांगता ठरू शकते. तेथपर्यंत जाण्यासाठी कुंपण ओलांडावे लागत नाही आणि शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास पाहावयास मिळतो.