पाचगणीची झाडे आणि पाण्याचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे आपोआप वाढलेले गाव नव्हे. ते ठरवून वसवलेले आहे. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात गोऱ्या साहेबांना राहणे अशक्य होई. बारमाही राहता येईल अशी जागा शोधण्याचे काम जॉन चेसन या इंग्रजाकडे आले. रुस्तमजी दुबाश यांना बरोबर घेऊन त्याने डोंगर पालथा घातला आणि दांडेघर, गोडवली, अंब्रळ, खिंगर व तायघाट या पाच गावांच्या परिसरातील जागा निवडली. १८६० च्या दशकात तो तेथला अधीक्षक झाला. ऑस्ट्रेलियातला सिल्व्हर ओक, मेक्सिकोतला पॉइन्सेटिया अशी परमुलखातली झाडे त्याने आणून लावली. तेथल्याच सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याची कबर आहे.

चेसनचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परक्या मुलखातले रोप कोणत्या उंचीवर, कोणत्या उतारावर जीव धरील, हे ओळखायला जाणती नजर लागते. परंतु झाड नजरेने जगत नाही, पाण्याने जगते. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जांभ्या खडकात ओल टिकत नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाला हाताने पाणी घालावे लागते, खड्डे खणावे लागतात, गुरांपासून राखण करावी लागते. हे काम अधीक्षकाचे नसते. इतिहास मात्र अधीक्षकाच्या नावाने सांगितला जातो.

शेजारच्या महाबळेश्वरचे उदाहरण याहून बोलके आहे. १८२९ साली इंग्रजांनी सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा मिळवली आणि गव्हर्नरच्या नावाने माल्कमपेठ उभी राहिली. तेथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. तो १८६४ मध्ये बंद झाला. रस्ते बांधले ते या कैद्यांनी, बटाटा आणि भाजीपाल्याचे मळे पिकवले तेही त्यांनीच. पेठेला नाव माल्कमचे राहिले आणि घाम गाळणारे ‘चिनी कैदी’ एवढ्या दोन शब्दांत संपले.

नव्या शहराच्या आखणीतही हीच उतरंड दिसते. पाचगणीत चेसनने शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकामाचे ठेकेदार यांना येऊन राहण्यास उत्तेजन दिले. त्यांना जागा दिली ती बाजाराच्या खालच्या अंगाला, तेच गावठाण. वर बंगले, खाली सेवेकरी. विलायती झाडांनी गावाचे रूप पालटले, पण माणसांची मांडणी आपल्या गावगाड्याला अनोळखी नव्हती.

त्याच दशकात, १८६८ मध्ये, पुण्यात दुसरी एक घटना घडली. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. जात माळ्याची, घराण्याचा धंदा फुलांचा. झाडांना पाणी घालणाऱ्या कुळातल्या या माणसाने पाणी माणसापर्यंत नेले. चेसनच्या बागेइतकीच ही घटनाही आपल्या बागायतीच्या इतिहासात यायला हवी.

कारण रोपाला मिळालेले पाणी माणसाला मिळत होतेच असे नाही. १९०१ साली साताऱ्याहून निघालेला बाल भीमराव आपला भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला गोरेगावला चालला होता. मसूर स्टेशनवर उतरून मुले गाडीने निघाली. जवळ खाण्याचे होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, टोलनाक्यावरही नाही. ज्या जिल्ह्यात परदेशी रोपे निगुतीने जगवली गेली, त्याच जिल्ह्यात ही मुले रात्रभर तहानलेली राहिली.

सांगलीकडे वळले की वेगळे चित्र दिसते. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. हा भाग पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. किर्लोस्करवाडीत माळाची बाग झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वसाहतीत अस्पृश्यतेला मज्जाव होता. तुरुंगातून सुटून आलेल्या मांग आणि रामोशी माणसांच्या हाती रात्रीचा पहारा सोपवला गेला. ज्यांच्या जातीवरच गुन्ह्याचा शिक्का मारला जाई, त्यांच्यावर हा विश्वास टाकणे त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तरीही हा मालकाचा मोठेपणा होता; रहिवाशाचा हक्क नव्हे. मोठेपणा माणसाबरोबर जातो, हक्क मागे राहतो. महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये बाबासाहेब गेले ते हाच फरक कायमचा सांगण्यासाठी.

तेव्हा कोणत्याही नव्या शहराची हिरवाई पाहताना आपल्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. रोप कोणी निवडले? पाणी कोणी वाहिले? सावलीत कोण बसले? पहिल्याचे उत्तर दगडी पाटीवर कोरलेले सापडते. उरलेल्या दोन उत्तरांसाठी गावठाणात, वस्तीत, म्हाताऱ्या माणसांच्या जवळ जाऊन बसावे लागेल. ती उत्तरे लिहून ठेवणे हे आपलेच काम आहे.