हिंगोळगड : विडीतली शाळा

बडोद्याच्या मराठी घराण्यांना काठेवाड प्रथम परिचित झाला तो मुलूखगिरीच्या वाटेने. गायकवाडांच्या फौजा खंडणीसाठी दरसाल तिकडे जात आणि काठी सरदार शक्य तेवढी ती चुकवीत. १८०७ साली बडोद्याचे रेसिडेंट कर्नल वॉकर यांनी खंडणीचे आकडे कायमचे ठरवून दिले, तेव्हा हा वार्षिक उपद्व्याप थांबला. अमरेली, धारी, कोडिनार हे महाल मात्र गायकवाडांकडेच राहिले. गीरच्या अरण्याचा मोठा भाग जुनागढच्या नबाबाचा असला, तरी त्याचा एक तुकडा बडोदा राज्यात मोडत असे, हे आमच्या मंडळींपैकी अनेकांच्या आज स्मरणातही नसेल.

याच अमरेलीत १८९३ साली सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. रानाच्या कडेला राहणाऱ्या कुणब्याच्या पोरालाही शाळेत बसवायचे, हा त्यामागचा आग्रह. मात्र शाळेत बसलेल्या पोराला पुन्हा रानात न्यावे, हे सुचायला त्या भूमीला आणखी पाऊणशे वर्षे लागली. सुचले तेही एका काठी राजघराण्यातील गृहस्थाला.

हे गृहस्थ म्हणजे जसदणचे लवकुमार खाचर. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात ते शिक्षक होते. ही संस्था मुळात संस्थानिकांच्या मुलांसाठी स्थापन झालेली. राजपुत्रांच्या शिक्षणात शिकारीला मान होता. खाचरांनी विद्यार्थ्यांच्या हाती दुर्बीण दिली. त्यांना घेऊन ते हिमालयात हिंडले, कच्छच्या आखातातील पिरोटन बेटावर उतरले. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या प्रवाळांच्या खडकांतून मुलांना चालवायचे, तर आधी भरती-ओहोटीचे गणित शिकवावे लागते. भूगोलाच्या पुस्तकातला चंद्र तिथे प्रथम उपयोगी पडतो. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी विश्व प्रकृती निधीच्या भारतीय शाखेमार्फत निसर्गशिबिरांचे काम व्यापक केले. कच्छच्या आखाताचा हा भाग १९८० मध्ये अभयारण्य झाला आणि १९८२ मध्ये देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान.

परंतु त्यांच्या कल्पनेचे खरे घर हिंगोळगड. जसदणपासून जवळच, वाजसूर खाचरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टेकडीवर बांधलेला हा किल्ला. हिंगलाज मातेवरून त्याचे नाव पडले. भोवतीचे रान जसदण दरबाराची राखीव विडी. विडी हा शब्द आपल्याकडे फारसा चालत नाही. दुष्काळी काठेवाडात गवत ही दौलत होती, म्हणून संस्थाने गवताची राने राखून ठेवीत. त्यांना विडी म्हणत. पाऊस हुकला की घोडी आणि गुरे याच गवतावर तगत. महसूल खात्यात आयुष्य काढल्याने आम्हांस हे ठाऊक आहे, की विलीनीकरणानंतर सौराष्ट्रातील पुष्कळ विड्या कागदावर 'पडीत' ठरल्या आणि नांगराखाली किंवा गाव-चराईत गेल्या. जमीन ज्या शब्दाने नोंदली जाते, त्यावर तिचे पुढचे नशीब ठरते.

हिंगोळगड वाचला तो वेगळ्या शब्दामुळे. १९८० साली तो 'निसर्ग शिक्षण अभयारण्य' म्हणून घोषित झाला. क्षेत्रफळ अवघे ६.५४ चौरस किलोमीटर. गीरच्या तुलनेत ओंजळभर. इथे सिंह नाही, वाघ नाही. आहेत ते चिंकारा, नीलगाय, काटेरी झुडुपे, आणि पावसाळ्यात घरटी करायला येणारे नवरंग व स्वर्गीय नर्तक. पाहुण्यांना दाखवावे असे जनावर नसलेले रान केवळ मुलांना शिकवण्यासाठी राखायचे, ही कल्पना शासनाच्या गळी उतरवणे सोपे नसावे. ज्यांनी ती फाईल पुढे ढकलली, त्या अनाम अधिकाऱ्यांचेही आम्हांस कौतुक वाटते. व्यवस्था पाहणाऱ्या गांधीनगरच्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळून 'गीर' होतात. त्यामुळे हिंगोळगड गीरमध्येच आहे असे समजणारे सज्जन आम्हांस वारंवार भेटतात.

शिबिराचा क्रम साधा आहे. मुक्काम, पहाटेची पायपीट, पक्ष्यांची ओळख, गवतांची नावे, रात्री आकाशदर्शन. फार बोलायचे नाही, काही तोडायचे नाही. सौराष्ट्रातील कित्येक मुलांनी आपल्याच गावच्या ओढ्याकाठचे पक्षी प्रथम इथे ओळखले.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला, आणि २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेचे पर्यावरण गट शाळाशाळांतून निघाले. हेतूबद्दल वाद नाही. मात्र सक्ती झाली की विषय वहीत शिरतो. प्रकल्पाची चित्रे बाजारात तयार मिळतात, पालक ती चिकटवतात, गुण पडतात. शिबिरासही संख्या आणि प्रमाणपत्र यांची बाधा होते. बसभर मुले दुपारी उतरतात, न्याहारी होते, छायाचित्र निघते आणि बस परतते. चार मुलांनी दोन दिवस राहणे अहवालात छोटे दिसते. दोनशे मुलांनी दोन तास येणे मोठे दिसते.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. विडीच्या कुंपणाला लागून असलेल्या गावची मुले शिबिरार्थी म्हणून किती येतात? मालधाऱ्याच्या पोराला गवताच्या जाती बहुधा शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असतात. त्याला श्रोता न करता वाटाड्या केले, तर शहरी मुलाचा अभ्यास पक्का होईल आणि दुष्काळी वर्षी गुरे आत घुसवायची की नाही, हे ठरवणाऱ्या घरात एक माणूस रानाच्या बाजूचा निर्माण होईल.

लवकुमार खाचर २०१५ मध्ये वारले. बडोद्याहून हिंगोळगड एका दिवसाच्या प्रवासात गाठता येतो. आपल्या मंडळींच्या नातवंडांपैकी जी दिवाळीच्या सुटीत घरी कंटाळलेली असतील, त्यांना तिथे धाडण्यास हरकत नाही. नवरंग मात्र तेव्हा दिसणार नाही. तो पावसाबरोबर येतो आणि पावसाळा सरताच दक्षिणेकडे निघून जातो.