पंड्याची वही आणि प्रवाशाची सही

महाराष्ट्रातून काशी-प्रयागास जाणाऱ्या माणसाच्या वाटेवर झाशी हे एक मोठे विसाव्याचे ठिकाण होते. 1729 साली बाजीराव पेशवे छत्रसालाच्या मदतीस धावून गेले आणि त्यानंतर बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला. नारो शंकरांनी किल्ल्याखाली शहर वसवले, पुढे नेवाळकरांचे घराणे तेथे नांदले. त्यामुळे यमुनेपलीकडच्या मुलखात शिरण्यापूर्वी मराठी बोलणारे घर, मराठी चवीचे जेवण आणि ओळखीचा भटजी मिळण्याची अखेरची मोठी जागा म्हणजे झाशी, असे म्हणावयास हरकत नाही. 1857 साली पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या चुलत्यांसह उत्तरेस निघाले, ते बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून दक्षिणा मोठी मिळेल, ही वार्ता ऐकून. यज्ञ राहिला बाजूला आणि भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले. एप्रिल 1858 मध्ये इंग्रज फौज शहरात शिरल्यावर झालेल्या लुटीत हाती आलेले द्रव्य गेले. तरीही हा मनुष्य चित्रकूट, अयोध्या, काशी करून, गंगेची कावड खांद्यावर घेऊनच घरी परतला. त्याचा ‘माझा प्रवास’ 1907 साली चिंतामण विनायक वैद्यांनी छापून प्रसिद्ध केला, तेव्हापासून मराठी वाचक त्यात राणी लक्ष्मीबाईंना शोधत आला आहे. परंतु त्या पुस्तकाच्या मुळाशी असलेली गोष्ट फार साधी आहे: घर सोडून दूर निघालेला मनुष्य किती श्रद्धेने, किती आशेने आणि किती असहायपणे परक्यांच्या हाती जातो, ही ती गोष्ट होय.

बंडानंतर झाशीचे दोन तुकडे झाले. 1861 मध्ये शहर आणि किल्ला शिंद्यांकडे गेला व छावणीचा भाग इंग्रजांनी आपल्याकडे ठेवला. 1886 साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात शहर पुन्हा इंग्रजांकडे आले. त्यानंतर तीनच वर्षांच्या सुमारास इंडियन मिडलंड रेल्वेचे फाटे येथे जुळले. एक आग्र्याकडे, एक कानपूरकडे, एक इटारसीवरून दक्षिणेस आणि एक बांद्यावरून माणिकपूरकडे, म्हणजे चित्रकूट आणि प्रयागाच्या दिशेस. विष्णुभटांना जो प्रवास महिनोन्महिने पायी करावा लागला, तो आता दिवसांत होऊ लागला. यात्रेकरू वाढले आणि त्यांच्या मागे लागणारेही वाढले.

या मागे लागण्याची एक पद्धत होती, आणि ती शतकानुशतकांच्या अनुभवाने घासून गुळगुळीत झालेली होती. तीर्थ जवळ आले, की पंड्याची माणसे सामोरी येत. पहिला प्रश्न पैशाचा नसे. ‘गाव कोणते? आडनाव काय?’ एवढेच विचारले जाई. गाव कळले, की कोणत्या पंड्याचे यजमानकृत्य ते ठरे. कारण यजमान हे प्रांतवार, गाववार, कुळवार वाटलेले असत आणि ही वाटणी बापाकडून मुलाकडे वडिलार्जित इस्टेटीसारखी जात असे. प्रयागच्या वाळवंटात प्रत्येक प्रयागवाळाच्या काठीवर निरनिराळ्या खुणेचे निशाण फडकत असे, ते याचसाठी. मग लांबलचक वही उलगडली जाई, आणि तीत आजोबांची किंवा पणजोबांची स्वतःच्या हातची सही निघे.

त्या क्षणाचे सामर्थ्य थोडे नाही. पाचशे कोसांवर, परक्या भाषेच्या मुलखात, मोडी अक्षरात आपल्या पूर्वजाचे नाव दिसले म्हणजे कोणाचेही मन हेलावते. त्या वह्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. कित्येक घराण्यांच्या वंशावळी केवळ त्यांच्यामुळे टिकल्या. पंड्या राहावयास जागा देई, चोराचिलटांपासून जपे, आजाऱ्याची सोय पाही. परंतु याच आपलेपणाने यजमानाचे हातही बांधले जात. ज्याने आजोबांचे नाव जपले त्याच्याशी दक्षिणेची घासाघीस कोण करणार? आणि बापाने केलेली सही मुलाने नाकारावी कशी?

गयेस हा प्रकार कळसास पोहोचे. तेथील श्राद्धविधी अक्षयवटाखाली पुरा होतो आणि अखेरीस गयावळाने ‘सुफळ’ हा शब्द उच्चारावा लागतो. तो उच्चारला नाही तर केलेले सारे श्राद्ध वाया गेले, पितर तसेच अतृप्त राहिले, अशी भावना. दक्षिणेचा खरा सौदा नेमका या शब्दाच्या अलीकडे होत असे. यजमान थकलेला, उपाशी, मनाने हळवा झालेला. परतीची गाडी ठरलेली. सोबत बायकामाणसे उभी. आकडा कोठून कोठे जाई हे सांगावयास नको. सरकारही या बाबतीत सोवळे नव्हते. गया, प्रयाग आणि जगन्नाथपुरी येथे यात्रेकरूंवरचा कर कंपनी सरकार कित्येक वर्षे वसूल करीत होते. तो 1840 च्या कायद्याने उठला. सरकारचा कर उठला तरी पंड्याची मागणी कायम राहिली, कारण ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती.

या प्रसंगास धीराने तोंड देण्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 1902 साली गांधीजी कलकत्त्यास गोखल्यांकडे महिनाभर राहून तिसऱ्या वर्गाने परत निघाले, तेव्हा वाटेत काशीस उतरले. स्टेशनावर पंड्यांनी गराडा घातला. त्यांनी त्यातल्या त्यात स्वच्छ दिसणारा पंड्या निवडला आणि पूजेपूर्वीच सांगून टाकले, की सव्वा रुपयापेक्षा अधिक देता येणार नाही. पुढे ज्ञानवापीवर त्यांनी एक पै ठेवली. तेथील पंड्या संतापला, शिव्याशाप देऊ लागला, नरकाची भीती घालू लागला. गांधीजींनी शांतपणे सांगितले, की घ्यावयाची तर ही पै घ्या, नाही तर हीही जाईल. पंड्या ऐकेना, तेव्हा पै उचलून ते चालू लागले. लगेच मागून हाक आली, की पै ठेवून जा, ती न घेतली तर तुमचेच अकल्याण होईल! या प्रसंगातील विनोदाला सर्वजण हसतात, परंतु व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पूजेपूर्वी उच्चारलेले सव्वा रुपयाचे वाक्य. ‘सुफळ’ शब्दाची वाट पाहत उभा असलेला यजमान असे वाक्य बोलू शकत नसे; गांधीजी ते आधीच बोलून बसले होते.

न्यायालयांनाही हा प्रश्न अपरिचित नव्हता. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या सोळाव्या कलमात अवाजवी दडपणाची व्याख्या आहे: एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर अंमल चालवू शकेल अशा स्थितीत असून त्या स्थितीचा त्याने गैरफायदा घेतला, तर संमती खरी मानता येत नाही. एका वृद्ध गृहस्थाने परलोकीच्या कल्याणासाठी आपली सारी मिळकत गुरूच्या नावे करून दिली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1890 साली ते दानपत्र टिकू दिले नाही. महाराष्ट्रात वंशपरंपरेच्या हक्काचा प्रश्न अधिक मुळातून सुटला. पंढरपूर मंदिरे अधिनियम 1973 साली झाला, त्याने बडवे-उत्पातांचे परंपरागत हक्क संपवले, आणि दीर्घ वादानंतर जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

तीर्थयात्रेची जागा पुष्कळ अंशी सुट्टीच्या सहलीने घेतली, तेव्हा वहीनेही नवे रूप धारण केले. 1960 नंतरच्या दशकात स्वित्झर्लंड-फ्रान्सकडे एक कल्पना निघाली, की हॉटेलची खोली दरवर्षी भाड्याने घेण्यापेक्षा तिच्यातील वर्षाचा एक आठवडा कायमचा विकत घ्यावा. कल्पना वाईट नव्हती. टाइमशेअर नावाने ती अमेरिकेत पसरली आणि 1980 नंतरच्या दशकात भारतात आली. परंतु आठवडे विकावयाचे तर गिऱ्हाईक हवे, आणि सुट्टीवर आलेल्या माणसाइतके सैल मनाचे गिऱ्हाईक दुसरे कोणते? गोव्यात कळंगुट-बागाच्या किनाऱ्यांवर खरडून पाहण्याची कार्डे हातात देणारी तरुण मंडळी फिरू लागली. बक्षीस लागल्यावाचून राहत नसे. ते घेण्यासाठी मात्र पतिपत्नींनी मिळून एका ‘माहिती-बैठकी’स यावयाचे.

बैठक तासाभराची म्हणून सुरू होई आणि दुपार सरली तरी संपत नसे. येथेही आरंभी पैशाचे नाव नाही. मुले किती, गेल्या वर्षी कोठे गेला होता, अशी आपुलकीची चौकशी. मग चकचकीत चित्रे, मग आकडा. नकार दिला, की वरिष्ठ अधिकारी येऊन आकडा उतरवतो. पण उतरलेला भाव केवळ आजच्यापुरता. उद्या विचार करून सांगतो, हे एकच उत्तर तेथे चालत नाही. सही झाल्यावर कळते, की आठवडा वापरला न वापरला तरी वार्षिक देखभाल-शुल्क चुकत नाही, आणि हव्या त्या सुट्टीत जागा मिळेलच असेही नाही. दबावाचे मर्म गयावळाच्या वेळचेच. एक भेद मात्र पंड्याच्या बाजूने नोंदला पाहिजे: तो पुढच्या पिढीलाही तोंडाने ओळखत असे.

युरोपने यावर इलाज केला तो काळाचाच. आज सही करून घेण्याची घाई हेच विष असेल, तर उद्या ती सही मागे घेण्याची मुभा हाच उतारा. ब्रिटनने 1992 च्या कायद्याने खरेदीदारास चौदा दिवसांची मुदत दिली. युरोपीय समुदायाच्या 1994 च्या निर्देशाने किमान दहा दिवस ठरवले आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घेण्यास बंदी घातली. 2008 च्या निर्देशाने दहाचे चौदा झाले. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा झालेला नाही. करारात मुदत लिहिली असेल तर ती, नाही तर ग्राहक संरक्षणाचा सामान्य कायदा, एवढाच आधार. मात्र 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्यायकारक करार’ ही संज्ञा प्रथमच व्याख्येत आणली, आणि करारातील अन्यायकारक अटी रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगास दिला.

या कायद्यातील एक तरतूद वरवर क्षुल्लक वाटते, पण प्रवाशाच्या दृष्टीने तिची योग्यता मोठी आहे. 1986 च्या जुन्या कायद्याप्रमाणे तक्रार करावयाची ती विक्रेत्याचे ठाणे असेल तेथे किंवा व्यवहार घडला असेल तेथे. झाशी छावणीत राहणाऱ्या एखाद्या सैनिकाने गोव्याच्या किनाऱ्यावर सही केली, तर दाद मागण्यासाठी त्याला रजा काढून पुन्हा दक्षिण गाठावी लागे. म्हणून बहुतेक जण हप्ते भरीत गप्प बसत. जुलै 2020 पासून तक्रारदार स्वतः राहतो किंवा नोकरी करतो त्या ठिकाणीही तक्रार नोंदवता येते. सेवेतील उणिवेची असेल तर झाशीच्याच जिल्हा आयोगापुढे, आणि करारच अन्यायकारक असल्याची असेल तर लखनौस राज्य आयोगापुढे.