अऋणसुख आणि अक्षयनीवी

बौद्ध धम्म हा संसारविन्मुख असून त्याला गृहस्थाच्या अर्थव्यवहाराशी कर्तव्य नाही, असा समज पुष्कळ काळ पसरविला गेला. पाली साहित्य आणि आपल्या लेण्यांतील शिलालेख हे दोन्ही या समजाला छेद देतात.

अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला उपदेश करताना भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : संपत्ती असण्याचे, तिच्या उपभोगाचे, ऋण नसण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. यांतील तिसरे ते अऋणसुख. त्याच निकायातील इणसुत्तात याची दुसरी बाजू येते. दरिद्री मनुष्य ऋण काढतो, त्यावर व्याज चढते, तगादा लागतो, पाठलाग होतो आणि अखेरीस तो बंधनात पडतो. भगवंतांनी येथे दारिद्र्याचा गौरव केलेला नाही. ते दुःख आहे असेच सांगितले आहे.

या दुःखातून पळवाट मात्र धम्माने दिली नाही. मगधात बिंबिसाराच्या आज्ञेमुळे प्रव्रजितांना कोणी हात लावू शकत नसे. याचा लाभ घेऊन एक ऋणको संघात शिरला, तेव्हा ऋणग्रस्ताला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम भगवंतांनी केला. तो विनयपिटकाच्या महावग्गात आहे. उपाय गृहस्थजीवनातच शोधावयाचा होता. सिगालोवाद सुत्तानुसार उत्पन्नाचा एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवावा.

राखून ठेवलेल्या धनाचे मूर्त रूप नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आढळते. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने संघाला लेणे अर्पण करून 3000 कार्षापणांची अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे ज्याचे मुद्दल कधीही मोडावयाचे नाही, केवळ व्याजच वापरावयाचे, असे धन. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने ठेवले होते. त्याचे वार्षिक व्याज 240 होते. वर्षावासातील 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे, हा हिशोब त्यात तंतोतंत बसतो. उरलेले 1000 विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने होते. हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि फलकावर नोंदविला गेला. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी गोवर्धनच्याच श्रेणींकडे, त्यांत तेल्यांच्या श्रेणीकडेही, अशीच नीवी ठेवली. एकच व्याज, पण दरिद्र्याच्या मानेवर ते बेडी होते आणि येथे समूहाचा आधार झाले. भेद व्यवहाराच्या हेतूत आणि उघडेपणात आहे.

व्यक्तीची बचत पुरेशी नसते, हेही बुद्धवचनात आहे. दीघ निकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजिताच्या राज्यात लूटमार माजलेली असते. अशा वेळी प्रजेवर नवा कर लादणे हे अकृत्य ठरेल, असे पुरोहित सांगतो. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला अन्न व वेतन द्यावे, हा त्याचा सल्ला असतो. तसे केल्यावर लोक आपापल्या उद्योगास लागले आणि राजकोषही वाढला.

ऋणातून येणारे बंधन आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष असताना घडलेल्या संविधानाच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारीस मनाई केली. वेठबिगारीतून आलेले कर्ज रद्द करणारा कायदा मात्र 1976 साली झाला. कायद्याने बेडी तुटते, परंतु ती पुन्हा पायात न पडण्याची दक्षता उपासकालाच घ्यावी लागते. विवाहातील दिखाऊ खर्चासाठी कर्ज काढणाऱ्याने उत्पन्नाच्या चौथ्या भागाचे स्मरण ठेवावे. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील मुलांचे शिक्षण आणि वृद्धांचे औषध यांसाठी लहानशी का होईना, अक्षयनीवी उभारावी आणि तिचा हिशोब सर्वांसमोर मांडावा. त्रिरश्मीच्या भिंतीवरील लेखाचा आजचा अर्थ हाच आहे.