रायगड किनाऱ्यावरील सिद्दी

सिद्दी हा आफ्रिकी वंशाचा, पिढ्यान्‌पिढ्या भारतात वसलेला समाज होय. रायगड जिल्ह्यात त्यांचा संबंध मुरूड, राजपुरी, म्हसळा व श्रीवर्धन या परिसराशी आहे. इ.स. १९४८ पर्यंत येथे सिद्दी नबाबांचे जंजिरा संस्थान होते. श्रीवर्धनच्या दक्षिणेचे हरिहरेश्वर हे क्षेत्रही त्याच संस्थानात मोडत असे.

नाव

'सिद्दी' हा शब्द अरबी 'सय्यिदी' (माझे स्वामी) या संबोधनावरून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. 'हबशी' हे नाव हबश, म्हणजे ॲबिसिनिया, या देशनामावरून पडले. मात्र सगळेच सिद्दी तेथून आलेले नव्हते, पूर्व आफ्रिकेच्या इतर भागांतूनही अनेकांना आणले गेले. जुन्या मराठी कागदपत्रांत त्यांच्या मुलखाला 'हबसाण' व त्यांना 'शामल' म्हटलेले आढळते. 'जंजिरा' हा 'जझीरा' (बेट) या अरबी शब्दाचा अपभ्रंश होय.

गुलामगिरी ते सत्ता

हिंदी महासागरातील व्यापारात विकले गेलेले आफ्रिकी गुलाम दख्खनच्या सुलतानांकडे सैनिक म्हणून येत. पराक्रमाच्या बळावर त्यांना मुक्तता आणि अधिकारपदही मिळू शके. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर (मृत्यू इ.स. १६२६) हे याचे ठळक उदाहरण. जंजिऱ्याचे सिद्दी प्रथम निजामशाहीच्या, मग आदिलशाहीच्या व इ.स. १६७० च्या सुमारापासून मोगलांच्या बाजूने राहिले. त्यांचा प्रमुख बराच काळ केवळ वारसाहक्काने ठरत नसे. सरदार आपल्यातून त्याची निवड करीत.

मराठी वाचकास सिद्दी ठाऊक असतो तो मुख्यतः स्वराज्याचा शत्रू म्हणून. त्यास आधार आहे: सिद्द्यांनी किनाऱ्यावर लुटालूट केली, माणसे धरून नेली आणि इ.स. १७२७ मध्ये सिद्दी सातने परशुरामाच्या देवस्थानाची नासधूस केली. इ.स. १७३६ मध्ये चिमाजी अप्पाने त्यास लढाईत ठार केले. पण युद्धाच्या या वर्णनांत सिद्द्यांच्या मुलखातील रोजचे जीवन झाकले जाते.

मुलूख व प्रजा

संस्थानाची बहुसंख्य प्रजा मराठी बोलणारी व हिंदू होती. कोकणी मुसलमानांचीही मोठी वस्ती होती. वतनदारी स्थानिक घराण्यांकडेच असे. श्रीवर्धनची देशमुखी भट घराण्याकडे होती. याच घराण्यातील बाळाजी विश्वनाथ सिद्द्यांशी बिनसल्याने घाटावर गेले व पुढे पेशवे झाले. हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. ज्या सिद्द्यांशी पेशव्यांनी झुंज घेतली, त्यांच्याच वारसांच्या हद्दीत हे देवस्थान विलीनीकरणाच्या वेळीही होते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

ओळख

राज्यकर्ती सिद्दी घराणी संख्येने थोडी होती. भारतातील इतर मुसलमान घराण्यांशी त्यांचे विवाहसंबंध झाले. नबाब सर सिद्दी अहमद खान यांच्या बेगम नाझली या मुंबईच्या फैजी घराण्यातील होत्या. अशा संबंधांतून रूपातील वेगळेपण ओसरले, तरी नावामागील 'सिद्दी' हे उपपद कुलाभिमानाने जपले गेले. येथे आफ्रिकी मूळ हे सरदारकीचे चिन्ह ठरले.

अन्यत्र याच नावाचा अर्थ फार निराळा आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर परिसरातील सिद्दी हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांत विभागलेले असून कोकणीचे एक रूप बोलतात. शेतमजुरी व जंगलावर त्यांचा निर्वाह चालत आला. येथेच जन्मूनही त्यांना 'तुम्ही कुठले?' या प्रश्नास रोज तोंड द्यावे लागते. युरोपात जन्मलेल्या आफ्रिकी वंशाच्या नागरिकांचा अनुभवही असाच असतो. इ.स. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला; इ.स. २०२० मध्ये शांताराम सिद्दी हे कर्नाटक विधानपरिषदेवर नियुक्त झालेले या समाजातील पहिले सदस्य ठरले. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दी नाहीत.

वास्तू

जंजिरा किल्ला, मुरूडचा अहमदगंज राजवाडा आणि राजपुरीजवळील खोकरीचे घुमट या सिद्द्यांच्या प्रमुख वास्तू होत. खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या तीन दगडी कबरी असून त्यांतील सर्वांत मोठी सिद्दी सुरूल खानाची आहे.